क्रायो सॉकेट, घरातली वायरिंग आणि तंबोऱ्याचा पंचम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातील आपल्या सदनिकेत ५० वॅटचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर, एक टर्नटेबल आणि दोन मोठे स्पीकर आहेत, आणि आपले ऐकणे मुख्यतः शास्त्रीय गायनाचे आहे. परदेशातून सामान मागवून देणाऱ्या एका विक्रेत्याने आपल्याला सुचवले आहे की भिंतीवरचे साधे सॉकेट काढून त्या जागी द्रवरूप नायट्रोजनात थंड केलेले, म्हणजे ‘क्रायो’ प्रक्रिया केलेले सॉकेट बसवले, तर पार्श्वभूमी अधिक शांत होईल आणि तंबोरा मोकळा वाटेल. त्याची किंमत सुमारे २०,००० रुपये आहे. शिवाय सध्या तंबोरा मोकळा वाटत नाही आणि संध्याकाळी स्पीकरमधून बारीक गुणगुण ऐकू येते, तीही त्याने जाईल का, असे आपण विचारले आहे.

मी विद्युत अभियंता आहे. सुरुवातीची काही वर्षे हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या देखभाल विभागात गेली, आणि त्यानंतरची २० हून अधिक वर्षे घरगुती वायरिंगची कंत्राटे घेण्यात व फावल्या वेळी ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेली आहेत. त्यामुळे क्रायो प्रक्रिया, सॉकेट आणि ॲम्प्लिफायर या तिन्ही गोष्टींशी माझा हाताने काम करण्यापुरता संबंध आलेला आहे. माझे उत्तर असे की सॉकेट बदलल्याने आवाज सुधारू शकतो, पण तो सुधारतो तेव्हा त्याचे श्रेय पकडीला आणि घट्ट आवळलेल्या स्क्रूला असते, नायट्रोजनला नसते. आपली गुणगुण मात्र बहुधा सॉकेटमधून येतच नसावी.

क्रायो प्रक्रिया ही मुळात थाप नव्हे, हे आधी मान्य केले पाहिजे. कारखान्यात आम्ही पंच आणि डाय, म्हणजे धातू कापण्याची व घडवण्याची हत्यारे, या प्रक्रियेसाठी पाठवत असू आणि त्याचा उपयोग होत असे. टूल स्टील तापवून विझवले की त्यातील ऑस्टेनाइट नावाच्या रचनेचे मार्टेन्साइट या कठीण रचनेत रूपांतर होते. पण कार्बन आणि मिश्रधातू अधिक असलेल्या पोलादात हे रूपांतर खोलीच्या तापमानाला पूर्ण होत नाही आणि काही ऑस्टेनाइट तसेच शिल्लक राहते. असे पोलाद सावकाश थंड करत उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या उत्कलनबिंदूपर्यंत नेले, तेथे काही तास ठेवले आणि तितक्याच सावकाश परत आणले, तर शिल्लक ऑस्टेनाइटपैकी बरेचसे बदलते, नंतरच्या टेम्परिंगमध्ये, म्हणजे पुन्हा बेताने तापवताना, बारीक कार्बाइड तयार होतात आणि हत्याराची झीज कमी होते. यात गूढ काही नाही. धातुशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येते.

सॉकेटमधील विद्युतवाहक पट्ट्या मात्र पोलादाच्या नसतात. त्या पितळेच्या, फॉस्फर ब्राँझच्या किंवा क्वचित बेरिलियम तांब्याच्या असतात. विझवलेल्या पोलादात जे ऑस्टेनाइट शिल्लक राहते ते या पट्ट्यांत नसतेच, तेव्हा पोलादाला लागू पडलेला फायदा नुसत्या नावाच्या साधर्म्यावरून पितळेला लागू करता येत नाही. विक्रेत्यांच्या पत्रकांत ‘स्फटिकरचना सुसंगत होते’ किंवा ‘रेणू एका ओळीत येतात’ अशी वाक्ये असतात. धातूच्या पट्टीत रेणू नसतात, अणूंची जाळी असते, एवढे सांगून ती वाक्ये मी बाजूला ठेवतो.

विद्युतरोधाचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण तेथे अर्धसत्य आहे. तांबे उणे १९६ अंशांपर्यंत थंड केले की त्याचा रोध खोलीच्या तापमानाच्या सुमारे एक सप्तमांश ते एक अष्टमांश होतो, हे खरेच आहे. अणूंची उष्णतेमुळे होणारी थरथर कमी होते आणि इलेक्ट्रॉनांना वाट मोकळी मिळते. पण तीच पट्टी आपल्या भिंतीवर आली, नागपूरच्या तापमानाला आली, की थरथर परत आली आणि रोधही परत आला. थंडीची आठवण धातू ठेवत नाही. पितळेत तर रोधाचे मोठे कारण वेगळेच आहे: तांब्याच्या जाळीत घुसलेले जस्ताचे अणू. शुद्ध तांब्याची रोधकता सुमारे १.७ मायक्रोओहम-सेंटिमीटर असते, तर ७०:३० पितळेची ६ च्या वर जाते, म्हणजे साडेतीन पटींहून अधिक. कितीही थंड केले तरी जस्त त्यातून निघून जात नाही.

धातू ठोकून, ओढून किंवा वाकवून घडवताना जाळीत जे दोष निर्माण होतात, त्यांचाही रोधात थोडा वाटा असतो. ओढून कठीण केलेल्या तांब्याच्या तारेचा रोध मऊ केलेल्या तारेपेक्षा साधारण दोन ते तीन टक्के अधिक असतो. हे दोष घालवायचे असतील तर तार तापवावी लागते, काही शे अंशांपर्यंत नेऊन अनील करावी लागते. थंडीत अणू जागचे हलत नाहीत, मग दोष दुरुस्त कोण करणार? आणि समजा कोणी सॉकेटच्या पट्ट्या खरोखरच तापवून मऊ केल्या, तर त्यांचा रोध किंचित कमी होईल, पण स्प्रिंगपणा जाईल आणि प्लग पकडण्याचे मुख्य कामच बिघडेल.

तरीही वादापुरते धरून चालू की या प्रक्रियेने पितळेचा रोध दोन टक्के घटला. आता हिशेब करू. सॉकेटमधील पट्टीची लांबी २ सेंटिमीटर आणि छेद ५ चौरस मिलिमीटर धरला, तर तिचा रोध सुमारे ०.२६ मिलिओहम येतो. त्याचे दोन टक्के म्हणजे जवळपास ५ मायक्रोओहम. आपला ॲम्प्लिफायर मध्यम आवाजात सुमारे ०.६ ॲम्पिअर प्रवाह घेत असेल, तर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही पट्ट्या मिळून वाचलेला विद्युतदाब ६ मायक्रोव्होल्टच्या आसपास भरतो. हे २३० व्होल्टमध्ये ६ मायक्रोव्होल्ट आहेत. प्रवाह सरळ नसतो, ॲम्प्लिफायरमधील रेक्टिफायर (उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करणारा भाग) तो झटक्यांनी घेतो आणि झटक्याचे शिखर सरासरीच्या पाच-सहा पट असू शकते, असा आक्षेप जाणकार घेतील आणि तो रास्त आहे. म्हणून आकडा सहापट करू. ३६ मायक्रोव्होल्ट.

याच वाटेवर इतर काय काय आहे ते पाहा. डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य वितरण पेटीपासून, आपल्या बैठकीपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वायर १५ मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.२४ ओहम होतो. एमसीबीत, म्हणजे त्या पेटीतील आपोआप पडणाऱ्या स्विचमध्ये, काही मिलिओहम असतात. ॲम्प्लिफायरच्या मागे जो काचेचा फ्यूज आहे, त्याच्या केसासारख्या तारेतच ५० मिलिओहम किंवा अधिक असतात. सर्वांच्या शेवटी ट्रान्सफॉर्मरचे प्रायमरी वेटोळे येते, ज्यात मैलभर वाटावी इतकी बारीक तार गुंडाळलेली असते आणि तिचा रोध दोन-चार ओहम असतो. या साखळीत दोन्ही पट्ट्यांतील १० मायक्रोओहमची बचत म्हणजे उमरेड रोडवरून भिवापूरला निघालेल्या माणसाने घराच्या उंबऱ्यावर वीतभर अंतर वाचवण्यासारखे आहे.

आपल्या शहराने या बाबतीत एक फुकटचा प्रयोगही करून ठेवला आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. जानेवारीच्या रात्री भिंतीतील वायर १५ अंशांवर आणि मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, ती ४० अंशांवर असेल असे धरले, तर त्याच १५ मीटर वायरचा रोध जवळपास दहा टक्क्यांनी, म्हणजे २४ मिलिओहमने वाढतो. क्रायो सॉकेटच्या गृहीत धरलेल्या बचतीच्या हा बदल दोन हजार पटींहून अधिक आहे, आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातील बदल तर त्याहूनही मोठा. पट्टीतील दोन टक्के ज्याला ऐकू येतात, त्याला संक्रांतीतील आणि अक्षय्य तृतीयेतील तोच ॲम्प्लिफायर ओळखूच येऊ नये. माझ्याकडे उन्हाळ्यात अनेक तक्रारी येतात, पण ‘वायर तापल्याने मारवा उतरला’ अशी अजून आलेली नाही.

‘रोध सोडा, गोंगाट कमी होतो’ असे यावर सांगितले जाते. विजेच्या तारांत गोंगाट असतो यात शंका नाही. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर एसी हे सर्व काही किलोहर्ट्झपासून कित्येक मेगाहर्ट्झपर्यंतची कुरकुर तारांवर सोडत असतात. पण ती अडवायची तर कॉइल आणि कपॅसिटर यांचा फिल्टर लागतो. पितळेची सरळ पट्टी ५० हर्ट्झला वाट देते तशीच त्या कुरकुरीलाही देते. तिने नायट्रोजनात अंघोळ केलेली असो वा नसो. शिवाय ॲम्प्लिफायर स्पीकरला थेट भिंतीतली वीज पाठवत नाही. ट्रान्सफॉर्मर ती खाली आणतो, रेक्टिफायर तिला एका दिशेची करतो, आणि दहा-दहा हजार मायक्रोफॅरडचे कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरून तिचा साठा करतात. संगीत त्या साठ्यातून निघते. शंभर-दोनशे तास ‘रुळल्यावरच’ सॉकेट खुलते, या दाव्याबद्दल मी एवढेच म्हणेन की तितक्या काळात कान रुळतात आणि माल परत करण्याची मुदत संपते.

मग प्रामाणिक, अनुभवी श्रोते फरक पडला असे का सांगतात? त्यांना मी खोटे पाडणार नाही, कारण बऱ्याचदा फरक खरोखर पडलेला असतो.

दोन धातू एकमेकांना टेकतात तेव्हा ते सगळ्या पृष्ठभागाने टेकत नाहीत. डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या पट्टीवर सूक्ष्म टेकाडे असतात, आणि केवळ त्या टेकाडांच्या शेंड्यांवर खरा स्पर्श होतो. राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विषयाचा पाया घातला, आणि आजही कोणताही स्विच किंवा रिले त्याच विचारावर घडवला जातो. दाब वाढला की टेकाडे चेपतात, स्पर्शबिंदू वाढतात आणि संपर्काचा रोध कमी होतो. दाब कमी झाला, मध्ये ऑक्साइडचा थर किंवा धूळ आली, की रोध वाढतो, आणि तो स्थिरही राहत नाही; प्लगला हात लागला किंवा शेजारी दार आपटले तरी बदलतो. सैल संपर्क तापतो, तापल्याने पितळेचा स्प्रिंगपणा आणखी ढिला पडतो, मग तो आणखी तापतो. इलेक्ट्रिशियन ज्याला ‘कार्बन धरला’ म्हणतात तो या चक्राचा शेवट. या अवस्थेत सूक्ष्म ठिणग्या पडू लागतात आणि त्यांची करकर ॲम्प्लिफायरमध्ये, त्याहीपेक्षा टर्नटेबल ज्याला जोडतात त्या नाजूक फोनो इनपुटमध्ये, स्पष्ट ऐकू येते.

धरमपेठेतील एका जुन्या बंगल्यात मला हे नेमके पाहायला मिळाले. घरमालकांनी महागडे अमेरिकन सॉकेट बसवले होते आणि आवाज स्वच्छ झाल्याचे मला ऐकवण्यासाठी चहाला बोलावले होते. आवाज खरोखर स्वच्छ होता. काढलेले जुने सॉकेट त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवले होते, ते मी मागून घेतले. न्यूट्रलच्या टोकात वायरचे अर्धे तंतू बसवतानाच कापून टाकलेले होते, उरलेले काळे पडले होते, स्क्रू बोटाने फिरत होता, आणि पकड अशी गेली होती की प्लग उभा धरला तर सॉकेट त्यावरून घसरून खाली पडे. मी त्यांच्या परवानगीने अमेरिकन सॉकेट काढले, वायर नव्याने सोलून तिच्या टोकावर पिन लग (तंतू एकत्र धरणारी धातूची टोपी) चढवला आणि दोन-अडीचशे रुपयांचे आयएसआय चिन्हाचे १६ ॲम्पिअरचे सॉकेट बसवले. आठवडाभर ऐकून त्यांचा निरोप आला की फरक सांगता येत नाही. महागड्या सॉकेटने जे साधले होते ते नव्या, घट्ट सॉकेटने साधले.

दुसरे कारण कानांच्या मागे असते, आणि त्याचा धडा मी स्वतःवरच घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका रविवारी मी माझ्या बैठकीतील बोर्ड उघडला, सॉकेट साफ केले, स्क्रू आवळले, आणि रेकॉर्ड लावून समाधानाने बसलो. तंबोरा अधिक सुटा वाटला. मी तसे घरात बोलूनही दाखवले. संध्याकाळी झाडताना टेबल सरकवले तेव्हा लक्षात आले की ॲम्प्लिफायरचा प्लग त्या बोर्डात नव्हताच, तो खिडकीखालच्या दुसऱ्या बोर्डात होता. सकाळच्या ऐकण्यात माझ्याकडून लबाडी काही नव्हती. अपेक्षा कानात शिरते ती अशी. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये स्पीकरांच्या बाबतीत हेच दाखवून दिले: स्पीकर डोळ्यांसमोर असताना श्रोत्यांनी दिलेली पसंती पडदा ओढल्यावर बदलली, आणि त्यांत अनुभवी श्रोतेही होते.

म्हणून आपल्याला विक्रेत्याकडून ते सॉकेट काही दिवसांसाठी मिळत असेल, तर तुलना नीट करावी. सॉकेट काढून दुसरे बसवेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे जातात आणि आवाजाच्या बारकाव्यांची स्मृती तेवढी टिकत नाही, त्यामुळे एक काढून दुसरे ऐकण्याला अर्थ नाही. एकाच बोर्डात, एकाच वायरवर दोन्ही सॉकेट शेजारी बसवून घ्यावीत, दोन्ही नवी असावीत, आणि प्लग कोठे आहे हे आपल्याला दिसू नये असा पडदा करावा. ॲम्प्लिफायर दर वेळी बंद करून, प्लग काढून, पुन्हा लावणे हे घरातील दुसऱ्या कोणी नाणे उडवून ठरवावे, आणि छापा-काटा तसाच राहिला तरी प्लग काढून पुन्हा लावायचाच, म्हणजे प्लगच्या खटक्यावरून अंदाज येणार नाही. आवाजाच्या बटणाला कोणी हात लावू नये. १६ फेऱ्यांत किमान १२ वेळा आपण बरोबर ओळखले, तर ते केवळ योगायोगाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. मग मी माझे मत पुन्हा तपासेन. आठ-नऊ वेळा ओळखले, तर नाण्यानेही तेवढेच ओळखले असते.

आता सुरक्षेबद्दल, आणि या ठिकाणी मी थोडा कठोर होणार आहे. हौशी मंडळींत ज्यांचे नाव आहे अशी बहुतेक क्रायो सॉकेट अमेरिकन पद्धतीची, चपट्या पिनांची असतात आणि त्यांच्यावर १२५ व्होल्ट असे छापलेले असते. आपल्या घरात २३० व्होल्ट आहेत. ‘चालते हो, सगळे वापरतात’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. आणि त्यासाठी आपल्या ॲम्प्लिफायरचा प्लगही बदलावा लागेल, म्हणजे उद्या घरातील कोणी तेथे अमेरिकेतून आलेले १२० व्होल्टचे उपकरण लावायला मोकळे. त्यांतील काहींवर हिरवा ठिपका असतो. तो हॉस्पिटल ग्रेडचा ठिपका. त्याचा अर्थ सॉकेटने पिना पकडून ठेवण्याच्या आणि धक्के सोसण्याच्या अधिक कडक चाचण्या पार केल्या आहेत असा आहे. रुग्णालयात पलंग ढकलताना प्लग निसटू नये यासाठी ती सोय आहे, संगीतासाठी नव्हे. युरोपीय पद्धतीची २५० व्होल्टची सॉकेट मिळतात, पण त्यांच्या गोल पिना ४.८ मिलिमीटरच्या आणि आपल्या ६ ॲम्पिअरच्या प्लगच्या ५.१ मिलिमीटरच्या, म्हणजे तेथेही जोड जमत नाही. तयार सॉकेट प्लास्टिकसकट नायट्रोजनात घालणाऱ्यांविषयी तर मला वेगळीच काळजी वाटते: प्लास्टिक आणि पितळ थंडीत सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, आणि रिव्हेटजवळ पडलेला केसाएवढा तडा बाहेरून दिसत नाही.

आपल्याला घट्ट पकड हवी असेल तर आयएस १२९३ प्रमाणे बनलेले, आयएसआय चिन्हाचे चांगले १६ ॲम्पिअरचे सॉकेट घ्या आणि ॲम्प्लिफायरच्या कॉर्डला त्याच मापाचा १६ ॲम्पिअरचा प्लग टॉप लावा, कॉर्ड १.५ चौरस मिलिमीटरची असावी. ६ आणि १६ असे दोन्ही प्लग घेणारी एकत्रित सॉकेट सोयीची असतात, पण त्यांत लहान पिनांची पकड बहुधा ढिली असते. जगातले सगळे प्लग घेणारे म्हणून जे ‘मल्टिपिन’ बोर्ड सीताबर्डीत जागोजागी लटकलेले दिसतात, ते कोणताच प्लग नीट धरत नाहीत.

आता आपल्या गुणगुणीकडे वळतो, कारण खरे काम तेथे आहे.

आपण लिहिता की ती संध्याकाळी येते आणि गायक थांबला की जाणवते. मुख्य विजेची गुणगुण ५० हर्ट्झची असते, आणि रेक्टिफायरनंतरची १०० हर्ट्झची. बरेच गायक काळी एकमध्ये गातात. त्यांचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झचा, म्हणून तंबोऱ्याच्या पहिल्या तारेचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या जवळ येतो. त्याच्या शेजारी १०० हर्ट्झची गुणगुण उभी राहिली की सेकंदाला चार ठोके पडतात, आणि ज्याला तंबोरा जुळवण्याची सवय आहे त्याला तो पंचम सतत किंचित उतरल्यासारखा वाटतो. ‘तंबोरा मोकळा वाटत नाही’ ही आपली तक्रार कल्पनेतली आहे असे म्हणूनच मला वाटत नाही. तिचा उगम शोधला पाहिजे.

पहिली तपासणी अशी. टर्नटेबल आणि इतर सर्व जोडण्या काढून ॲम्प्लिफायर एकटा चालू करा. गुणगुण उरली तर दोष ॲम्प्लिफायरच्या आत, बहुधा वय झालेल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये आहे. गेली, तर एकेक जोडणी परत लावत जा. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा दोषी ठरते ती सेट-टॉप बॉक्सची केबल: तिचे बाहेरचे आवरण इमारतीत दुसऱ्याच ठिकाणी अर्थ झालेले असते, ॲम्प्लिफायर आपल्या अर्थिंगवर असतो, आणि या दोन अर्थांमधील फरकाचा प्रवाह सिग्नलच्या तारेतून वाहतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. केबलला आयसोलेटर लावणे, आणि संगीताची सर्व उपकरणे एकाच बोर्डातून, एकाच अर्थवर घेणे, हा त्यावरचा उपाय. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला आवळलेली आहे ना, तेही पाहा. प्लगची अर्थ पिन कापली की गुणगुण जाते, असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईल. तो ऐकू नका. ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन ज्या दिवशी जाईल त्या दिवशी ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीवर २३० व्होल्ट असतील.

संध्याकाळचा मुद्दा कूलरकडे बोट दाखवतो. नागपुरात मार्चपासून जूनपर्यंत घरोघरी कूलर, आणि बहुधा तो बैठकीच्याच खिडकीत, बैठकीच्याच बोर्डावर. जुन्या घरांत एका सॉकेटमधून दुसऱ्यात वायर लूप करत नेलेली असते, म्हणून कूलरचा पंखा आणि पंप यांचा प्रवाह ॲम्प्लिफायरच्या वाटेतील प्रत्येक स्क्रूमधून जातो. पंप सुरू होताना दिवा क्षणभर मंदावत असेल, तर वाटेत कोठेतरी सांधा ढिला आहे असे समजावे. कूलर वेगळ्या सर्किटवर घ्या, आणि त्यावर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या; उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या पत्र्याला हात लागून माणसे दगावतात, त्या दृष्टीने हे संगीताच्याही आधीचे काम आहे. छताच्या पंख्याला जुना, कमी-जास्त फिरणारा ट्रायॅक रेग्युलेटर असेल तर त्याचीही झिणझिण फोनो इनपुटमध्ये येते. पायऱ्यापायऱ्यांचा कपॅसिटर रेग्युलेटर लावला की ती थांबते.

विजेच्या दाबाचेही मोजमाप घ्या. डीपीवर, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार वाढला की संध्याकाळी २०० व्होल्टपर्यंत उतरणे काही वस्त्यांत नवल नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरमध्ये २३० चे २०० झाले, तर त्याची कमाल शक्ती जवळपास चतुर्थांशाने घटते, म्हणजे १.२ डेसिबल. वरच्या ३६ मायक्रोव्होल्टशी याची तुलना करून पाहावी. आठवडाभर रोज सात वाजता मल्टिमीटरने दाब टिपून ठेवा. तो सतत २१० च्या खाली जात असेल तर १ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर घ्यावा. रिलेचा स्वस्त असतो, पण त्याची टकटक शांत आलापात ऐकू येते.

अर्थिंगबद्दल एक गैरसमज दूर करतो. मातीतील अर्थचा रोध कमी केला म्हणून गुणगुण जात नाही; ती उपकरणांमधील फरकाने येते. मातीतील अर्थ हा जीव वाचवण्यासाठी असतो. पण आपल्याकडे काळ्या मातीत तो उन्हाळ्यात हमखास बिघडतो: माती आकसते, तिला भेगा पडतात, पाइप आणि माती यांत फट राहते, आणि पावसाळ्यात तीन-चार ओहम दाखवणारा अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात दुप्पट-तिप्पट दाखवतो. आपल्या इमारतीच्या खड्ड्यात शेवटचे पाणी कधी घातले हे सोसायटीत विचारा, आणि एप्रिलच्या अखेरीस अर्थ टेस्टरने मोजून घ्या. पाच ओहमच्या आत असलेला बरा.

या सगळ्याचा खर्च, स्टॅबिलायझर सोडला तर, त्या एका सॉकेटच्या किमतीत भागून काही रक्कम उरावी. क्रम असा ठेवा: आधी गुणगुणीची तपासणी, मग डीबीपासून बैठकीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि १६ ॲम्पिअरचे सॉकेट, आणि वाटेत एकही लूप नाही. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, वायरचे तंतू न कापता पिन लग लावून स्क्रू आवळायला सांगा, आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर ते स्क्रू एकदा पुन्हा तपासून घ्या. बोर्ड उघडण्यापूर्वी मेन बंद केल्यावरही खिशातल्या टेस्टरवर विसंबू नये. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही मोजून घ्यावे, कारण जुन्या इमारतींत फेज डाव्या बाजूला आणि स्विच न्यूट्रलवर असलेले बोर्ड मला आजही वरचेवर सापडतात.